तांब्यावरचं नाव, तुळईवरचा शक

जुन्या नाशकात चार पिढ्या राहिलेल्या घरातून प्रश्न आला आहे. आजूबाजूचे वाडे एकेक करून उतरवले जात आहेत, सांगणारी म्हातारी माणसं कमी होत आहेत. आपल्या पेठेतल्या वास्तू, तिथल्या घडामोडी आणि राहून गेलेली नामवंत माणसं यांची नोंद करायची आहे, पण इतिहासाचं शिक्षण नाही. सुरुवात कुठून करावी, काय टिपावं, नामवंत कोणाला म्हणावं आणि ऐकलेलं खरं किती हे कसं ओळखावं?

शिक्षणाची काळजी सोडा. मीही इतिहास शिकलेली नाही. मी आरेखक. वाड्यांची मापं घ्यायला जायचे, टेपचं दुसरं टोक धरायला घरातलाच कोणी पोरगा मिळायचा, आणि काम संपलं की त्याच्या आजीशी बोलत बसायचे. पंचवीस-सव्वीस वर्षं हेच चाललं आहे. जे सांगते ते त्यातून.

सगळ्यात आधी 'नाशिकचा इतिहास' लिहायचा विचार डोक्यातून काढा. दर दुसरी स्मरणिका त्याच तीन पानांनी सुरू होते: शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नवशिख, मोगलांनी नाव ठेवलं गुलशनाबाद. मग सातवाहन, मग पेशवे, मग फाळके, मग द्राक्षं. हे सगळं १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरपासून (मुंबई इलाख्याचा तो सोळावा खंड) पुन्हा पुन्हा उतरवलं गेलं आहे, आणि ज्याला हवं त्याला ते मिळतं. फाळके वगैरे तेवढे नंतर जोडले गेले. तुमच्या गल्लीत पाण्याचा पहिला नळ कोणाच्या दारात आला हे मात्र कुठल्याही खंडात नाही. ते तुमच्या शेजारच्या काकूंना ठाऊक आहे, आणि त्या ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून एक गल्ली घ्या. तीस-चाळीस घरं. एका वहीत प्रत्येक घराला दोन पानं. सिटी सर्व्हे नंबर वर लिहा, कारण घराची नावं, मालक, दुकानांच्या पाट्या सगळं बदलतं, हा नंबर सहसा टिकतो. नंबर बदललाच तर नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर त्याचा फेरफार दिसतो. ज्या पानावर काहीच मिळालं नाही ते पान कोरं ठेवा, फाडू नका. कोरं पानही माहितीच आहे: इथे विचारलं, दार उघडलं नाही, किंवा उघडलं आणि भाडेकरू गेल्याच वर्षी आलेले निघाले.

आता खरं-खोटं. सारं काम ह्या एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

दगडावर, लाकडावर किंवा भांड्यावर लिहिलेलं एक. कागदावर लिहिलेलं दुसरं. माणसाच्या तोंडचं तिसरं. तिन्ही वेगवेगळ्या रंगाच्या शाईने लिहा आणि कधीही एकमेकांत कालवू नका. प्रत्येक ओळीपुढे कुणी, कुठे, कोणत्या दिवशी हे हवंच. 'असं म्हणतात' हे दोन शब्द तुमच्या वहीत दिसता कामा नयेत. कोण म्हणतं, ते लिहा.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, तोंडावर आपटून शिकले. एका वाड्याच्या दिंडी दरवाजावर दगडी पट्टीत 'शके १८१०' कोरलेलं होतं. मी फोटो काढला, ७८ मिळवले आणि एका मंडळाच्या स्मरणिकेत 'हा वाडा १८८८ साली बांधला' असं ठोकून दिलं. दोन वर्षांनी त्याच वाड्याची मापं घेताना मागच्या चौकातले खांब बघितले. पुढच्या ओसरीचे खांब सरळ, चौकोनी, साधे. मागचे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते, खाली कोरीव तळखडे, वर केळफुलाचे हस्त. कडीपाटाच्या फळ्यांची रुंदीही वेगळी. पुढचा भाग आणि मागचा भाग एका सुताराच्या हातचे नव्हतेच. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी सहज सांगितलं, "पुढची बाजू पडली होती हो, पणजोबांनी नवी उभारली." म्हणजे शक होता तो फक्त दर्शनी भागाचा. मागचा वाडा त्याहून किती जुना, ते तो दगड सांगतच नव्हता. मी चूक दुरुस्त करायला गेले तोवर दोन स्मरणिकांनी आणि एका व्हिडिओने माझं वाक्य उचललेलं होतं. दुरुस्ती सांगितली तर लोकांनी पुरावा म्हणून माझाच जुना लेख मला दाखवला.

त्यामुळे आता मी 'वाडा अमुक साली बांधला' असं लिहितच नाही. 'दिंडी दरवाजाच्या पट्टीवर शके १८१० कोरलेलं आहे' एवढंच लिहिते. हे वाक्य कुणाला खोटं पाडता येत नाही.

शकाचा हिशेब लक्षात ठेवा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा. गुजराती, मारवाडी घरांत आणि जैन मूर्तींवर संवत हमखास भेटतो. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा. मोडी कागदांत सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६००, आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, ११७१, म्हणजे १७७०-७१. पहिल्यांदा वाचताना मंत्र म्हटल्यासारखं वाटतं. कोरीव लेखातले आकडे झिजलेले असतील तर संवत्सराचं नाव शोधा. नावं साठ वर्षांनी फिरून येतात. 'प्रभव' वाचता आलं तर शके १७२९, १७८९, १८४९ असेच पर्याय उरतात, आणि त्यातला कोणता हे बांधकाम बघून ठरवता येतं.

कोरलेल्या दगडावर खडू फिरवू नका, तेल लावू नका, ओल्या फडक्याने घासू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना फोटो घ्या. सावल्यांत अक्षरं आपोआप उठून दिसतात. आतल्या अंधाऱ्या जागेत मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवल्यासारखा बाजूने धरा, समोरून नको. पांडवलेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, सरकारवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. तिथे ठसे घेणं वगैरे परवानगीशिवाय करायचं नाही.

आणि भांडी. ह्यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगते. नाशिक हे तांब्या-पितळेचं गाव, आणि लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची रीत. घागर, कळशी, परात, तांब्या, पितळी डबा, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं कुणाचं तरी नाव, कुणाकडून आलं ते, गाव आणि तारीख. एकदा एका आजींना लग्न कधी झालं विचारलं. साल सांगता येईना. म्हणाल्या, सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. कोणता सिंहस्थ, तेही आठवेना. मग नातसुनेने माळ्यावरून कळशी काढली. राखेने घासून बघितली तर काठाखाली 'ता. १२-५-५५' आणि देणाऱ्या मामांचं गाव. पुढच्या वर्षी, १९५६ ला, सिंहस्थ होताच. आजींचं म्हणणं आणि कळशी जुळली, आणि त्या लग्नाच्या आधी की नंतर ह्या हिशेबाने त्यांनी सांगितलेल्या दहा-बारा घटनांना साल मिळालं. मोडीत निघण्याआधी तुमच्या गल्लीतल्या भांड्यांचे काठ बघून घ्या. जुनी भांडी विकत घेणारा दारात आला की एका दुपारी एका घराचा सगळा दस्तऐवज तराजूत जातो.

साल विचारूच नका, हा त्यातला धडा. आपली माणसं आठवणींना सालं लावत नाहीत, घटना लावतात. नाशकात दोन पट्ट्या चालतात: पूर आणि सिंहस्थ. एकोणसत्तरचा पूर, २००८ चा पूर, २०१६ चा पूर. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं होतं, कमरेला की छातीला की डोक्यावरून गेलं, एवढं विचारलं की माणूस आपण त्या वेळी कुठे उभे होतो हे सांगायला लागतो. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी आल्याच्या गोष्टीही अशाच. ते देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं, आणि घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून लावलेली; पण गल्लीतल्या लोकांना ती पुराची मोजपट्टी म्हणूनच जास्त माहीत. सिंहस्थाचा हिशेब करताना एक जपा: बारा-बारा वर्षं मोजत मागे गेलात तर चुकाल. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांहून थोडं कमी लागतं, ११.८६ वर्षं, म्हणून मधूनच अंतर अकरा वर्षांचं होतं. १९८०, मग १९९१, मग २००३, मग २०१५.

माणसांशी बोलताना 'आजी, जुना इतिहास सांगा' असं म्हणालात की संपलं. आजी रामायणापासून सुरू होतील किंवा 'आम्हाला काय कळतंय' म्हणून सुनेला हाक मारतील. विचारायचं ते असं: पाणी कुठून भरायचात? दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला पहिलं दुकान कोणाचं? रॉकेल कुठे मिळायचं? बाळंतपणाला कोण यायचं? माणूस मनातल्या मनात गल्लीतून चालायला लागला की आपोआप बोलतो. शक्य असेल तर खरंच चालवा. एका गृहस्थांनी घरात बसून मला चार वाक्यं सांगितली होती. त्यांनाच दहीपुलापासून भांडीबाजारापर्यंत चालत नेलं तर पावणेदोन तास लागले आणि माझ्या मोबाइलची जागा भरली.

शब्द जसेच्या तसे टिपा. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. 'गंगेवर गेले होते' हे वाक्य बाहेरच्या माणसाने पुढे वाचलं तर तो काशीला पोचेल, म्हणून एकदा खुलासा करा, पण शब्द बदलू नका. 'गावात' म्हणजे जुन्या नाशकात, 'कारंजा' म्हणजे पाण्याचा कारंजा असो-नसो, चौक. व्हिक्टोरिया पूल म्हणणारा माणूस आणि अहिल्यादेवी होळकर पूल म्हणणारा माणूस एकाच पुलावरून गेलेले असतात. कोण काय म्हणतं त्यावरून वय कळतं. गल्ल्यांची जुनी, जातीवाचक नावंही गाळू नका. नवं नाव आधी लिहा, जुनं नाव त्याखाली, आणि बदललं कधी हे कळलं तर तेही. आज अवघड वाटतं म्हणून पुसलंत तर कोण कुठे राहू शकत होतं आणि कोण नाही, हेच पुसलं जातं.

एक नाशिकचंच उदाहरण, कारण त्याची माहिती बरीचशी माणसांच्या तोंडीच आहे: रहाडी. रंगपंचमीला शनी चौक, तिवंधा, दहीपूल, दिल्ली दरवाजा इथे रस्त्याखालचे दगडी हौद उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. बाकी सारं वर्ष त्यांच्यावरून स्कूटर जातात आणि नवख्याला खाली हौद आहे हे सांगूनही पटत नाही. वर्षात एक दिवस. आदल्या दिवसांत वरची माती आणि लाकडं काढताना तिथे हजर राहा, मापं घ्या, पूजेचा मान कोणत्या घराकडे आहे ते विचारा, कोणत्या रहाडीचा रंग कोणता आणि तो कसा उकळतात तेही. धप्प्याचे फोटो हजारो निघतात. लाकडं काढतानाचे मला शोधून सापडत नाहीत.

कागदांबद्दल थोडक्यात सांगते, कारण कागद सापडायला वेळ लागतो, पण सापडला की तो आपलं म्हणणं स्वतःच मांडतो. मालमत्ता पत्रक, घरपट्टीची जुनी बिलं, शाळेचं जनरल रजिस्टर, लग्नपत्रिका, दुकानाच्या वह्या, गणेश मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, मागच्या जाहिरातींसकट स्मरणिका. जाहिराती आधी बघा, लेख नंतर. १९६० च्या स्मरणिकेतलं अर्धं पान गल्लीतली सगळी दुकानं सांगून जातं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी आहेत. त्या बाहेरगावच्या यात्रेकरूंच्या, तुमच्या शेजाऱ्यांच्या नव्हेत, पण तुमचं घराणं मुळात दुसरीकडून आलेलं असेल तर कोण, कुठून, कधी आलं याचा धागा तिथे लागू शकतो. गुरुजींना आधी विचारा, वही त्यांची असते. जुन्या वर्तमानपत्रांसाठी सावानात जा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. आणि नाण्यांचं काही हाती लागलं तर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे दाखवा, सराफाला नव्हे. सराफ त्याचं वजन सांगेल.

नोंद कशी दिसावी याचा नमुना हवा असेल तर पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथे आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव ठेवली. एकीकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी), दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजावर भागवायचं. आणि पुढे म्हटलं आहे की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. कोणी, कोणाला, किती, कशासाठी, कुठे जाहीर केलं: सगळं आहे, आणि विशेषण जवळजवळ नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करवलं आहे, तिथे मात्र विशेषणांची रांग लागते. आई बोलते आहे, तिला माफ. तुम्ही विणकरांची ठेव लिहिणाऱ्याचा कित्ता गिरवा.

आता नामवंतांचा प्रश्न. इथे भांडणं होतात, म्हणून आधीच एक तक्ता करा: जन्म कुठे, राहणं कुठे, काम कुठे, मृत्यू कुठे. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा, पुण्याचा; पण त्यांना पुण्याचे म्हणायला पुणेकरही धजणार नाहीत. आयुष्य नाशकात गेलं, १० मार्च १९९९ ला इथेच गेले. फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ मध्ये नाशकात वारले, आणि मधल्या काळात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा पसारा त्यांनी नाशकात मांडला होता. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे रामनाम आधाराश्रम काढला, पण मृत्यू मिरजेला. कानेटकर बाहेरून आले, प्राध्यापकी करता करता नाटकं लिहीत नाशिककर झाले. बाबूराव बागूल विहितगावचे, वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. सावरकर भगूरचे, पण १८९९ ची मित्रमेळ्याची खटपट नाशिक गावातली. तक्ता भरला की 'आमचेच' म्हणायचा हट्ट जरा निवतो, कारण प्रत्येक रकान्यात वेगळं गाव उतरतं.

तुमच्या गल्लीत मात्र एक मोह येईल. प्रत्येक जुन्या वाड्यात कोणीतरी थोर माणूस 'उतरला होता'. एकाच गल्लीत तीन वाड्यांनी मला एकाच क्रांतिकारकाची एकाच रात्रीची गोष्ट सांगितली आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो मागच्या दाराने निसटला. तिन्ही नोंदी मी ठेवल्या, सांगणाऱ्याच्या नावानिशी. खरी कोणती हे मी ठरवत नाही. तीन घरांना ती गोष्ट आपली वाटते, हेसुद्धा गल्लीबद्दल काहीतरी सांगतं. फक्त पाटी लावायची वेळ आली तर म्हणावं, कागद दाखवा.

ज्या गोष्टींना कागद आहे तिथेही एकाच बाजूने लिहिलं की नोंद लंगडी होते. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हे सगळ्यांना पाठ आहे. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि त्याला पंडित म्हणत, बदली झाल्याने तो निरोपाच्या खेळाला आला होता, हेही त्याच पानावर यायला हवं. त्याने कान्हेरेंचं काही कमी होत नाही.

काळाराम मंदिराचंही तसंच. स्थापत्याची नोंद करणारे सरदार ओढेकरांचं नाव, काळा दगड, कळस, पूर्व दरवाजा एवढं लिहून थांबतात. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात वर्षानुवर्षं तगवला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. शिरवाडकर विद्यार्थिदशेत ह्याच सत्याग्रहात सामील झाले होते. मंदिराची नोंद करताना दरवाजांची मापं आणि त्या दरवाजांवर कोण बसलं होतं हे दोन्ही एकाच पानावर लिहा. ज्या घरांतली माणसं दरवाजाबाहेर होती आणि ज्यांची आत होती, दोन्ही घरी जा. आतल्या घरांत शांतता मिळेल. कोणाकडे विचारलं आणि कोण बोललं नाही, तेवढं टिपा, नाव न घालता.

आणि ज्यांच्यावर कोणी ग्रंथ लिहिणार नाही अशांसाठी माझी कसोटी अगदी गावठी आहे. तीन वेगळ्या घरांनी, एकमेकांना न विचारता, आपण होऊन ज्याचं नाव घेतलं तो त्या गल्लीचा नामवंत. अशा पद्धतीने माझ्या वहीत एक सुईण आली, तालमीतले एक वस्ताद, कल्हईवाला, मोडी वाचून देणारे एक कारकून, आणि पितळी घागरी मठारणारे एक तांबट. त्यांच्या हातोडीच्या ठोक्यावरून समोरच्या मास्तरीणबाई वेळ ओळखायच्या: ठोके थांबले की साडेबारा. त्यांच्याकडे मी ऐरणीपासून मठारणीपर्यंत प्रत्येक हत्याराचं नाव विचारून घेतलं आणि चित्राखाली लिहिलं. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. हत्यारं आता कुठे आहेत ते विचारायचं धाडस झालं नाही.

बोलणाऱ्याची परवानगी लेखी घ्या, दोन ओळी मराठीत पुरतात: काय टिपलं, कुठे ठेवणार, नाव घालायचं की नाही. जिवंत माणसांचे पत्ते, आजार, भाऊबंदकीचे दावे वहीत आले तरी बाहेर जाऊ देऊ नका. आणि हे ध्यानात ठेवा की जुन्या गावात टेप घेऊन उभा राहणारा माणूस एकतर बिल्डरचा असतो नाहीतर महापालिकेचा. मालक-भाडेकरू वाद नाही असा वाडा मी क्वचित पाहिला आहे. म्हणून सुरुवात स्वतःच्या घरापासून करा, मग चुलत्यांच्या, मग ज्या घरून तुमच्याकडे हळदीकुंकवाला येतात त्यांच्या. तुमच्या घराचं पूर्ण झालेलं पान शेजारी दाखवा. निम्मी दारं त्यानेच उघडतात, कारण प्रत्येकाला आपलं पान शेजारच्यापेक्षा मोठं हवं असतं.

मापं घेताना फुटांबरोबर खणही (दोन खांबांमधला गाळा) लिहा. वाडा बांधणाऱ्याने तो फुटात बांधलेला नाही, खणांत बांधला आहे. 'तीन खणी सोपा' म्हटलं की सुताराला सगळं कळतं. चौक, ओसरी, माजघर, देवघर, बळद, आड यांच्या जागा दाखवणारा एक साधा हाताने काढलेला नकाशा, उत्तर दिशेचा बाण, आणि प्रत्येक फोटो कुठे उभं राहून काढला त्याचा ठिपका. एवढं असेल तर वाडा गेल्यावरही तो कागदावर उभा करता येतो. फोटोंना 'वाडा १, वाडा २' अशी नावं देऊ नका. तारीख, गल्ली, सर्व्हे नंबर, आतली जागा. प्रती तीन ठेवा: एक घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, एक वाचनालयात. तुमच्या मागे घरातलं कोणी हे सांभाळेल असं गृहीत धरू नका. मी धरलं होतं. पहिली तीन वर्षं काढलेल्या कॅसेटवर भाच्याने लग्नातली गाणी भरली.

गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा खालून थरावर थर निघाले. गढीचा काठ आजही पावसाळ्यात ढासळतो आणि वरच्या घरांची भीती वाटते. वाड्यांचंही तेच: पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात आणि एकदा नोटीस लागली की मालक कोणाला आत घेत नाही. तेव्हा मापं आणि आतले फोटो होळीनंतर, मे संपेपर्यंत उरकून घ्या. बोलणी पावसाळ्यात करा. म्हातारी माणसं तेव्हा घरातच असतात, आणि बाहेर गंगेला पाणी वाढत असलं की जुने पूर आपोआप निघतात.